मावशीचा मंगळवार

मावशीकडे निघालं की पाय आपोआप शहाळ्याच्या गाडीपाशी थांबतात. आजारी माणसाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, हे अंगात मुरलेलं. पण मावशीचं आठवड्यातून ३ वेळा, प्रत्येक वेळी ४ तास डायलिसिस असतं. शहाळ्यातलं पोटॅशियम तिच्या मूत्रपिंडांना बाहेर टाकता येत नाही. ते साठलं की हृदयाचे ठोके चुकायला लागतात. "किती थकलीस गं, रक्त वाढायला खजूर खा, टोमॅटो-बिटाचं सूप घे," असं मायेने सांगणाऱ्यांची तर रीघ. त्यातही तेच पोटॅशियम.

तिच्या अंगात रक्त कमी आहे हे खरं. पण उणीव ताटातली नाही. तांबड्या पेशी बनवायचा निरोप अस्थिमज्जेला देणारं एरिथ्रोपोएटिन मुख्यतः मूत्रपिंडातच तयार होतं. शिकागोच्या यूजीन गोल्डवॉसर यांनी १९७७ साली ते शुद्ध रूपात मिळवलं, त्यासाठी जपानच्या ताकाजी मियाके यांनी रक्तक्षयाच्या रुग्णांचं २५५० लिटर मूत्र जमवलं होतं. आपण ज्याला नाक मुरडतो, त्यातून! मावशीचं इंजेक्शन त्याच शोधाचं फळ.

मग इंजेक्शनने हिमोग्लोबिन पुरतं भरून का काढत नाहीत? मी डॉक्टरांना हेच विचारलं. ते म्हणाले, मोठ्या चाचण्यांमध्ये ते १३ पर्यंत नेऊन पाहिलं, तर पक्षाघातासारखे धोके वाढले. म्हणून औषधाने साधारण ११.५ च्या वर चढवायचं नाही. म्हणजे थोडी उणीव जाणूनबुजून ठेवलेली! हे कळल्यापासून "ऊठ गं, जरा उत्साह आण" हे माझं पालुपद बंद झालं.

साधा शीण झोपेने जातो. मावशीचा जात नाही, आणि झोप तरी धड कुठे लागते? रात्री पाय तळमळतात, अंगाला खाज सुटते. डायलिसिसहून आली की ती पिळून टाकलेल्या धुण्यासारखी पडते. किती तासांनी माणसात आले, हे ती वहीत लिहून ठेवते आणि सेंटरमधल्या सिस्टरांना दाखवते. एकदा त्यावरूनच तिचं 'ड्राय वेट', म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावर राहायला हवं ते वजन, पुन्हा तपासलं गेलं. 'थकवा आहे' एवढ्यावर कोणी काही करत नाही. 'काल ७ तास लागले' म्हटलं की विचारपूस होते.

सोमवार, बुधवार, शुक्रवार हे डायलिसिसचे वार, त्या दिवशी तिच्याकडून घराने काही मागायचं नाही. बँक, आल्यागेल्याचं, नातीचं गणित, सगळं मंगळवारी-गुरुवारी सकाळी. स्वयंपाकघरात ओट्याशी एक उंच स्टूल आलंय. नुसतं पडूनही ती राहत नाही, पायातलं बळ जातं म्हणून. संध्याकाळी गॅलरीत १० मिनिटं येरझाऱ्या घालते. पाणी मात्र मोजून. दोन डायलिसिसच्या मध्ये पाणी जास्त झालं, तर यंत्राला ते तेवढ्याच वेळात जास्त ओढावं लागतं, आणि मग त्या दिवशी विचारू नका.

परवा मंगळवारी गेलो, पहिल्यांदाच रिकाम्या हाताने. ती बँकेतून नुकतीच आली होती. माझ्या हातांकडे तिने पाहिलं आणि हसली.

"आलास ते बरं झालं. ती गवार मोड, मी जरा पडते."

चांगली अर्धा किलो होती.