चांगदेवाची पाटी

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, आज्यांची शाळा सुरू झाली. विद्यार्थिनी साठीपासून नव्वदीपर्यंतच्या. दुपारची जेवणं उरकली की गुलाबी लुगडं नेसायचं, दप्तर घ्यायचं आणि दोन तास वर्गात बसायचं. शिकवणारी गावातलीच एक सून. तिच्यासमोर पाटी घेऊन बसलेल्यांत तिची सासूही होती.

ही कल्पना जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांची. पाट्या, दप्तरं, साड्यांचा भार मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने उचलला. पण मूळ मागणी आज्यांचीच. गावात शिवजयंतीच्या निमित्ताने वाचन चाललं असताना त्यांनी मनातलं बोलून दाखवलं : आपल्यालाही वाचता यायला हवं होतं. नोकरीसाठी नव्हे, बढतीसाठी नव्हे. जी पोथी आयुष्यभर कानांनी ऐकली, ती एकदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचायची होती.

या साध्या इच्छेने एक जुना प्रश्न पुन्हा उभा केला आहे. म्हातारपण कशासाठी असतं?

शास्त्राने याचं उत्तर आखून दिलं होतं. शिकायचं ते ब्रह्मचर्याश्रमात. मनुस्मृती सांगते, की अंगाला सुरकुत्या पडल्या, केस पिकले, नातवाचं तोंड पाहिलं, की गृहस्थाने वनाची वाट धरावी. या आखणीत एक शहाणपण होतं : मुलाच्या हाती कारभार देऊन वेळेवर बाजूला होण्याचं. पण ती आखणी द्विज पुरुषांची होती. बाईने नवऱ्यामागे वनात जायचं, नाहीतर मुलांच्या आश्रयाने राहायचं. तिच्या शिकण्याचा आश्रम त्यात आलाच नाही. आणि शहापूर-मुरबाडच्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी बायांना वन काही म्हातारपणी गाठायचं ठिकाण नव्हतं. सरपणासाठी, रानभाजीसाठी, मोहासाठी त्या लहानपणापासून तिथेच जात आल्या.

आजची आखणी सरकारी आहे. उदाहरणार्थ, शहापूर तालुक्यातलं भातसानगर, धरणासोबत उभी राहिलेली वसाहत. ज्या भातसाचं पाणी मुंबईची तहान भागवतं, त्याच धरणाच्या अंगाखांद्यावर ती वसली. राज्य शासनाच्या बहुतेक कर्मचाऱ्यांना ५८ व्या वर्षी निवृत्ती मिळते आणि त्यासोबत सरकारी क्वार्टरही सोडावं लागतं. म्हातारपण तिथे तारखेने येतं. आसपासच्या पाड्यांवर ती तारीखच नाही. हात चालतात तोवर भाताची लावणी चालते. तरणी माणसं भिवंडीच्या गोदामांत, मुरबाडच्या एमआयडीसीत, आसनगावहून लोकल धरून मुंबईकडे जातात, आणि घर, गुरं, नातवंडं म्हाताऱ्यांच्या हाती राहतात. इतकं सगळं सांभाळणाऱ्या माणसाला तरीही आपण सहज म्हणतो, ‘आता तुमचं वय झालं, देवाचं नाव घेत बसा.’ यात आदर कमी आणि रजा देणं जास्त असतं. माणूसही उरलासुरला आणि त्याच्या वाट्याला दिलेला देवही उरलासुरला.

तरुणपण-म्हातारपणाच्या देवघेवीचे दोन नमुने मराठी मनाला पाठ आहेत. पहिला ययातीचा. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली जरा आलेल्या या राजाने मुलांकडे तारुण्य मागितलं. चौघांनी नकार दिला, पुरूने दिलं. हजार वर्षं भोग घेऊनही वासना शमली नाही, तेव्हा ययातीने ते परत केलं. वि. स. खांडेकरांनी १९५९ साली याच कथेवर कादंबरी लिहिली. या व्यवहारात एकाला मिळतं ते दुसऱ्याचं हिरावून. आज तारुण्य टिकवण्याची बाजारी घाई दिसते, तिचं मूळ याच समजुतीत आहे : तारुण्य ही मालमत्ता, गेली की माणूस कंगाल.

दुसरा नमुना चांगदेवाचा. परंपरा सांगते, की चौदाशे वर्षं जगलेल्या या योग्याला ज्ञानेश्वरांना पत्र लिहिताना मायना सुचेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार? शेवटी कागद कोराच धाडला. उत्तरादाखल ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहिल्या, आणि पुढे चांगदेव शिष्य झाला तो मुक्ताबाईचा, ज्ञानेश्वरांच्याही धाकट्या बहिणीचा. इथे कुणाचं काही हिरावलं गेलं नाही. वारकऱ्यांनी ही कथा शतकानुशतकं सांगितली, कारण त्यांच्या लेखी अधिकार वयावर ठरत नव्हता. ना लहान म्हणून नाकारला जात होता, ना मोठा म्हणून आपोआप मिळत होता.

फांगण्याच्या वर्गात सासू सुनेपुढे बसली, तेव्हा हीच परंपरा चालू झाली. तिथे जुनी उतरंड मोडली, पण मान कुणाचा गेला नाही. आज्यांमध्ये विधवाही होत्या. गुलाबी रंग त्यांनीही अंगावर घेतला. अंगठ्याच्या जागी सही आली. घरी नातवंडं अभ्यासाला बसली की आजीही पाटी घेऊन शेजारी बसू लागली.

हे सोपं नाही. मोतीबिंदूने अक्षर धूसर दिसतं, बोटं थरथरतात, काल गिरवलेलं आज आठवत नाही. पण सगळी मुळाक्षरं येवोत न येवोत, सत्तराव्या वर्षी एखादी गोष्ट पहिल्यांदा करण्याचा हक्क त्यामुळे कमी होत नाही. भक्तीतही फळापेक्षा साधनेला बसण्यालाच मोल दिलं आहे.

सरकारनेही म्हाताऱ्यांची दखल घेतली आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या कायद्याने मुलांवर आईवडिलांच्या पोटापाण्याची जबाबदारी टाकली. २०२२ पासून राज्यात ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. दोन्ही गरजेचंच. पण त्यातून आधार मिळतो, नव्या आरंभाची मुभा नाही. ती घरातून मिळायला हवी. शिकायची सोय आहेच : केंद्राच्या उल्लास साक्षरता कार्यक्रमात शिकणाऱ्याचं वय पंधरा वा त्याहून जास्त हवं, वरची मर्यादा नाही. स्वयंसेवक शहापूर-मुरबाडच्या कोणत्याही पाड्यावर मिळतील. अडतं ते म्हातारीच्या दुपारवर, कारण त्या वेळी नातवंड, गुरं, निवडायचे तांदूळ तिच्याच गळ्यात असतात. फांगण्याच्या कुटुंबांनी ते दोन तास मोकळे करून दिले. सप्ताहाला मंडप घालणाऱ्या प्रत्येक गावाने तेवढं जरूर करावं, आणि पुढच्या पारायणाच्या वाचकांत शिकलेल्या आजीचंही नाव लिहावं.