पताकांखालची गल्ली

६ मे १९३५ रोजी पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणास पंचवीस वर्षे पूर्ण झाली, तेव्हा लंडनच्या पूर्व भागातील दरिद्री गल्ल्यांनीही मोठ्या हौसेने शृंगार केला. पेनी-पेनी वर्गणी जमवून पताका आणल्या गेल्या, समोरासमोरच्या खिडक्यांतून दोऱ्या ओढून त्या टांगल्या गेल्या, आणि घराघरांतली मेजे रस्त्यावर मांडून मुलांना मेजवानी देण्यात आली. यांतील कित्येक घरांवर १९३०च्या गृहनिर्माण कायद्यान्वये पाडण्याचा हुकूम निघाला होता किंवा निघावयाचा होता.

या सजावटीस भाबड्या रयतेचे दास्य म्हणणे अन्यायाचे होईल. राजाला दीर्घायुष्य चिंतणाऱ्या घोषणेच्या जोडीला घरमालकाचा धिक्कारही त्या दिवसांत लिहिला जात असे, ही जॉर्ज ऑर्वेलची नोंद बोलकी आहे. निमित्त राजाचे असले, तरी वर्गणीचा हिशेब, कामाची वाटणी आणि कुणाचेही मूल उपाशी राहू नये ही दक्षता हा सारा त्या गल्लीचा स्वतःचा कारभार होता.

ती घरे पाडणे आवश्यकच होते. ओल, ढेकूण, क्षय आणि अनेक कुटुंबांत मिळून एकच नळ यांचे गोडवे गाण्याचा अधिकार तेथे न राहणाऱ्यास नाही. तत्कालीन आरोग्यमंत्री आर्थर ग्रीनवुड यांच्या १९३०च्या त्या कायद्याने सरकारी अनुदान पुनर्वसित माणसांच्या संख्येशी जोडले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु दफ्तरात माणसांची मोजदाद झाली, शेजाराची झाली नाही. तत्पूर्वी पूर्व लंडनमधीलच ओल्ड निकोल ही दरिद्री वस्ती पाडून उभारलेल्या बाउंडरी इस्टेटचे उद्घाटन १९०० साली युवराजांच्या हस्ते झाले. मात्र विस्थापित झालेल्या ५,७००हून अधिक रहिवाशांपैकी अवघ्या ११ जणांना त्या नव्या इमारतींत जागा मिळाली. पुढे १९५७ साली समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग आणि पीटर विल्मॉट यांनी त्याच भागातील बेथनल ग्रीनमधून शहराबाहेरच्या वसाहतीत गेलेल्या कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा चांगल्या घरांबरोबरच आईपासून दुरावलेल्या लेकींचे एकाकीपणही त्यात नोंदले गेले.

शेजार ही गरिबाने पिढ्यान्‌पिढ्या कमावलेली मिळकत आहे, आणि मोबदल्याच्या यादीत तिला स्थान नसेल तर ती यादी अपुरी आहे. जी माणसे तुटपुंज्या वर्गणीतून अख्ख्या गल्लीचा उत्सव निर्विघ्न पार पाडतात, त्यांना आपण कुठे आणि कुणाच्या शेजारी राहावे हे निश्चित ठाऊक असते. म्हणून घर पाडण्याचा हुकूम काढण्यापूर्वी त्यांचा सल्ला घेणे हे राज्यकर्त्यांचे कर्तव्यच होय.