स्वावलंबनानंतरचे मैत्र

मुळा धरणाच्या पाण्यावर आणि सोनईच्या सहकारी साखर कारखान्यावर नेवासे तालुक्यातली कित्येक घरे सावरली. पण ज्याला आता कुणापुढे हात पसरावा लागत नाही, त्याला माणसांची गरज उरते का? याच तालुक्यात, नेवाशात, 1290 साली ज्ञानेश्वरी पूर्ण झाली आणि तिच्या शेवटी, पसायदानात, ज्ञानदेवांनी जीवांचे परस्पर मैत्र मागितले. मैत्रीच्या गोष्टी भरल्या पोटीच सुचतात, असा आक्षेप येईल. तो अर्धाच खरा आहे. प्रत्येकाला हवे ते मिळो, असेही पसायदान मागते. गरज ते नाकारत नाही. शिवाय सहकारात पैसाच मुळी एकमेकांच्या भरवशावर आला. तो हाती आल्यावर सोबत सोडणे हा कृतघ्नपणा आहे. ज्यांची मिळकत स्थिरावली, त्यांनी आपला मोकळा वेळ वाचनालयाला, सप्ताहाला, अडलेल्या शेजाऱ्याला द्यावा.