न देणे आणि देता न येणे

दिवाणी न्यायालयातल्या नादारीच्या अर्जांत देणे किती, यावर फारसा वाद होत नाही. आकडा हुकूमनाम्यात असतोच. भांडण असते ते वेगळ्याच प्रश्नावर: या माणसाला पैसे देता येत नाहीत, की द्यायचेच नाहीत? वकिलीच्या वर्षांत हा प्रश्न मी दोन्ही बाजूंनी लढवला. त्याचे उत्तर न्यायालय माणसाच्या चेहऱ्यावरून नव्हे, तर तारखांवरून शोधते, हे मला हळूहळू उमगत गेले.

सर्वसामान्य ऋणकोला आजही 1920 च्या प्रांतिक नादारी कायद्याकडेच जावे लागते; मुंबई शहरात 1909 चा कायदा आहे. 2016 च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींविषयीचा भाग डिसेंबर 2019 पासून लागू झाला, पण तो कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरताच.

धनकोचा पहिला आक्षेप ठरलेला असतो: अर्जदार लबाड आहे, अर्ज फेटाळा. प्रिव्ही कौन्सिलने 1916 मध्ये छत्रपतसिंग दुगड यांच्या प्रकरणात याचे उत्तर दिले. कायद्याच्या अटी पुऱ्या होत असतील, तर केवळ वागणूक वाईट म्हणून नादार ठरवायचे नाकारता येत नाही. वागणुकीचा हिशेब देण्यांतून मुक्ततेच्या वेळी होतो. हा क्रम मला शहाणपणाचा वाटतो. माणूस नादार ठरला की मालमत्ता न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात येते आणि आधीचे व्यवहार उलगडता येतात.

खरी कसोटी तिथे लागते. एका किराणा दुकानदाराची उलटतपासणी मला आठवते. बँक आणि घाऊक व्यापारी थकलेले असताना, अर्जाच्या थोडे आधी त्याने बहिणीच्या नवऱ्याचे हातउसने पैसे फेडले होते. नोटीस आली होती का? नाही. तगादा? नाही. मग यांनाच का दिले? तो म्हणाला, “बहिणीला सासरी बोल लागला असता, साहेब.” अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एखाद्या धनकोला झुकते माप देण्याच्या हेतूने दिलेले पैसे रिसीव्हरला परत मागता येतात. तगाद्याच्या दडपणाखाली दिले असते, तर निकाल बदलू शकला असता. इथे आपखुशी उघड होती. पैसे परत करण्याचा आदेश झाला. अर्जाआधी दोन वर्षांच्या आत बायकोच्या नावे केलेले बक्षीसपत्रही असेच रद्द होऊ शकते.

कायदा मात्र माणसाला उघड्यावर आणत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नुसार अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे जप्त होत नाहीत. धर्मरीतीने जो दागिना बाईला अंगावरून उतरवता येत नाही, तोही नाही. आणि 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की केवळ पैसे देता आले नाहीत म्हणून कुणाला तुरुंगात टाकता येणार नाही. ऐपत असून टाळाटाळ केल्याचे दाखवावे लागेल.

मुक्ततेच्या वेळीही हाच धागा दिसतो. मालमत्ता बिनतारणी देण्याच्या निम्मीही नसेल तर पूर्ण मुक्तता अडते. पण ही पाळी स्वतःच्या दोषाने आली नाही, हे ऋणकोला पटवून देता येते. फसवणुकीतून झालेले देणे आणि पोटगी यांतून मात्र सुटका नाही.

माझी काळजी यापुढची आहे. लाजेपोटी केलेली लपवाछपवी आणि लबाडीने केलेली लपवाछपवी कागदावर सारखीच दिसते. आपल्याकडे कर्जबाजारी माणूस आधी नातेवाईकांची तोंडे बंद करतो, घर बायकोच्या नावावर करतो, आणि सगळे थकल्यावर वकिलाकडे येतो. तोवर त्याच्याच सह्या त्याच्याविरुद्ध साक्ष देत असतात. हप्ते चुकू लागले की कुणालाही गुपचूप काही देण्याआधी सगळी खाती घेऊन त्याने सल्ल्याला यावे, आणि घरच्यांनी त्याला तेवढे बळ द्यावे. प्रामाणिक माणसासाठी कायद्यात जागा आहे. पण ती मिळायला त्याचा प्रामाणिकपणा कागदावर दिसावा लागतो.