तथास्तु म्हणणारा

दिवाळीच्या सुट्टीआधी मी वर्गाला दर वर्षी एक निबंध घालतो : 'मला एक वर मिळाला तर…' यामागे काही थोर शैक्षणिक हेतू आहे असे वाचकांनी कृपा करून समजू नये. सहामाहीचे पेपर तपासून डोके आंबलेले असते आणि हे निबंध वाचताना हसू येते, एवढाच स्वार्थ. एका पोराने एकदा लिहिले, 'मी पुढे जे जे मागेन ते ते मिळावे, एवढा एकच वर द्यावा.' याचे वडील अडत दुकानावर बसतात हे मला मागाहून कळले. दुसऱ्याने शाळा जळून जावी असे मागितले होते. मात्र खाली बारीक अक्षरात लिहिले होते, 'गुरुजी घरी गेल्यावर.' वर्गात माझ्याविषयी इतकी आपुलकी आहे याचा पत्ता मला त्या दिवशी लागला.

काही वर्षांपूर्वी मात्र दोन वह्या एकाखाली एक आल्या आणि तांबडी पेन्सिल माझ्या हातातच राहिली. दोघे एकाच बाकावर बसणारे. एकाने मागितले होते, 'आठ दिवस जोराचा पाऊस पडावा.' दुसऱ्याने मागितले होते, 'दिवाळी होईपर्यंत पावसाचा थेंब पडू नये.' पहिल्याच्या घरची जमीन कोरडवाहू. शाळूची पेर ओलीसाठी खोळंबलेली. दुसऱ्याच्या बापाची द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणी उरकलेली, कोवळे घड नुकते बाहेर पडू लागलेले. अशात पाऊस लागून राहिला की दावण्या आणि घडकुज यांना आमंत्रणच. दोघांची मागणी प्रामाणिक आणि दोघांचे शुद्धलेखन सारखेच वाईट. मी दोघांना दहापैकी सहा-सहा गुण दिले आणि सुटलो. देवाला अशी सोय नाही.

आमच्या तासगावचा देव म्हणजे उजव्या सोंडेचा गणपती. परशुरामभाऊ पटवर्धनांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस हे देऊळ बांधले. दक्षिणेतल्या मोहिमांत पाहिलेली गोपुरे त्यांच्या मनात भरली होती, म्हणून आमच्या या गावातही सात मजली गोपुर उभे राहिले. ऋषिपंचमीला रथ निघतो तेव्हा त्याचे दोर ओढायला सारा गाव लोटतो. शाळूवाला असतो, बागवाला असतो, बेदाण्याचा व्यापारी असतो. दोर सगळे एकाच दिशेला ओढतात. मागणी मात्र ज्याची त्याची. २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या भागात पाण्यासाठी टँकरमागे धावताना लोकांनी पावसाला किती हाका मारल्या! त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस असा आला की थांबायचे नाव घेईना आणि द्राक्षबागा उभ्या जागी गेल्या. मागितलेलेच मिळाले होते. फक्त 'केव्हा' हा शब्द मागण्यात राहून गेला होता.

वर उलटल्याच्या गोष्टी सगळ्या जगात आहेत आणि त्यांतल्या पुष्कळशा विनोदी आहेत, याचे मला नवल वाटते. पेरो या फ्रेंच लेखकाच्या गोष्टीत एका लाकूडतोड्याला तीन वर मिळतात. पहिला तो भुकेच्या भरात मांसाच्या एका लांबलचक वळकटीवर घालवतो. बायको बोलते, म्हणून दुसऱ्या वराने ती वळकटी तिच्या नाकाला चिकटवतो आणि तिसरा वर ती सोडवण्यात जातो. एच. जी. वेल्सने १८९८ साली एका कारकुनाची गोष्ट लिहिली. हा जे बोलेल ते घडते. रात्र लांबावी म्हणून तो पृथ्वीला थांबायला सांगतो. पृथ्वी बिचारी थांबते. पण तिच्यावरची घरे, गुरे आणि माणसे कोणी थांबवायची? ती आपली पहिल्याच वेगाने पुढे उडतात. विज्ञानाचा तास घेताना मी ही गोष्ट न चुकता सांगतो.

पण माझी सर्वांत आवडती गोष्ट आपल्या पंचतंत्रातली, मंथरक नावाच्या कोष्ट्याची. त्याचा माग मोडतो. नव्या मागासाठी लाकूड आणायला तो झाड तोडू लागतो, तर त्या झाडावर यक्ष राहत असतो. माझे झाड सोड आणि हवा तो वर माग, असे यक्ष म्हणतो. मंथरक सल्ला घ्यायला गावात येतो. न्हावी मित्र म्हणतो, राज्य माग. बायको म्हणते, राज्याच्या भानगडी आपल्याला कशाला? आणखी एक डोके आणि दोन हात माग. पुढेही विणशील, मागेही विणशील. एका कापडावर घर चालेल, दुसऱ्यावर चारचौघांत मान मिळेल. यक्ष तथास्तु म्हणतो. दोन डोक्यांचा, चार हातांचा मंथरक आनंदाने गावात शिरतो आणि राक्षस आला असे समजून गावकरी त्याला काठ्या-धोंड्यांनी मारून टाकतात.

गोष्ट सांगणाऱ्याने सगळा दोष बायकोच्या अकलेवर ढकलला आहे. मला ते कधीच पटले नाही. त्या बाईचा हिशेब चोख होता. वर मिळाल्यावर कोणी सोने मागितले, कोणी तारुण्य, कोणी अमरपण. माझ्या वाचनात तरी आणखी काम करायची सोय मागणारा हा एकटाच निघाला. आज विट्याला जाऊन पाहा, एक माणूस एका वेळी चार-चार यंत्रमाग सांभाळतो आणि त्याला कोणी धोंडे मारत नाही. माझा प्रश्न वेगळाच आहे. यक्ष काय करत होता? तो त्या झाडावर राहत होता. खालून जाणारी-येणारी माणसे रोज बघत होता. 'बाबा रे, असा गावात शिरू नकोस,' एवढे एक वाक्य त्याला जड झाले होते काय? तो शब्द ऐकतो, शब्दाप्रमाणे देतो आणि पुन्हा फांदीवर जाऊन बसतो. आपण हसतो मंथरकाला.

देणाऱ्याचे मन वाईट असते असेही नाही. १९०० साली निघालेल्या एका इंग्रजी विनोदी कादंबरीत पितळी बाटलीतून सुटलेला जिन आपल्या सोडवणाऱ्यावर उपकारांचा असा पाऊस पाडतो, की बिचाऱ्याच्या दारात उंटांचा तांडा येऊन उभा राहतो आणि होणाऱ्या सासऱ्याचे खेचर होते. जिन मनापासून कृतज्ञ असतो. समोरच्याला खरोखर काय हवे आहे हे विचारायला मात्र त्याला सवड नसते.

या बाबतीत मला आपला भोळा शंकर जास्त प्रामाणिक वाटतो. भस्मासुराला वर दिला आणि पुढच्याच घटकेला स्वतःचे डोके वाचवत पळत सुटला. यक्ष पळाला नाही, जिन पळाला नाही, शंकर पळाला. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मी देवाला हसत असे. आता हसू येत नाही, कारण एक वर मीही देऊन बसलो आहे.

२००२ साल असेल. नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. स्वभावाने गोड, कामाला वाघ. पण वाचताना जोडाक्षर आले की अडे आणि मग सबंध ओळच सोडून पुढच्या ओळीवर जाई. वार्षिक परीक्षेत मराठीत सव्वीस गुण. निकालाच्या आदल्या दिवशी त्याचे वडील माझ्या खोलीवर आले. हातात बेदाण्याची पिशवी. म्हणाले, "गुरुजी, एवढं यंदा पोराला वर घाला. भावकीत लाज जातीया. पुढं त्याचं त्यो बघंल."

बेदाणे मी परत केले. त्या गोष्टीचा मला पुढे कितीतरी दिवस अभिमान वाटत होता. आणि सव्विसाचे पस्तीस करून वर मात्र देऊन टाकला.

आठवीचा वर्ग कसा असतो हे यक्षाला माहीत नसेल, मला होते. साठ मुले, बीजगणित, इंग्रजी आणि ओळ गाळणाऱ्याकडे बघायला कोणालाही वेळ नाही. मुलगा दिवाळीच्या सुट्टीला घरी गेला तो पुन्हा शाळेत आलाच नाही. मी स्वतःला पुष्कळ समजावले : बापाने मागितले, मी दिले, माझ्या पदरचे काय गेले? पुढे २०१० साली आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवायचे नाही असा कायदाच लागू झाला, तेव्हा तर मी काळाच्या पुढे होतो अशीही गंमत मनात येऊन गेली. (२०१९ साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि माझी गंमत संपली.) पण रात्री दिवा मालवल्यावर माणूस स्वतःशी फार वेळ खोटे बोलू शकत नाही. मी दयाळू होतो म्हणून ते गुण दिले नव्हते. तथास्तु म्हणायला पेन्सिलीची एक रेघ पुरते. 'थांबा, याला वाचायला शिकवू,' असे म्हणालो असतो, तर मे महिन्याची सबंध सुट्टी त्या पोरासमोर बसावे लागले असते. आणि त्या सुट्टीत मला माझी पहिली कादंबरी पुरी करायची होती. ती पुरी झाली. बरी आहे, असे लोक म्हणतात.

गेल्या ऑक्टोबरात बसस्थानकाजवळ चहाच्या गाड्यावर उभा होतो. एक तिशी ओलांडलेला गडी समोर येऊन वाकला आणि पायाला हात लावून म्हणाला, "गुरुजी, वळखलं का?" डोळ्यांवरून ओळखले. त्याची एकरभर बाग आहे, पोरगी पाचवीत आहे, वडील जाऊन सहा वर्षे झाली. मग म्हणाला, "तुमी तवा वर घातलं म्हणून दादांची मान खाली गेली न्हाई. त्ये शेवटपत्तुर तुमचं नाव काढायचं."

काय बोलावे ते मला सुचेना. त्याने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. फळपीक विम्याची माहिती होती. "पोरगी मामाच्या गावाला गेलीया, न्हाईतर तिच्याकडनंच वाचून घेतलं असतं. बागंत पाऊस लागला तर पैसं मिळत्यात न्हवं?"

मी कागद उघडला. त्यातही एक वरच होता, आणि बारीक अक्षरात त्याचे शब्द होते : पाऊस अमुक तारखांच्या आतच पडला पाहिजे, अमुक इतके दिवस आणि अमुक इतका पडला पाहिजे आणि तो याच्या बागेत किती पडला ते कोणी मोजणार नव्हते, मंडळाच्या हवामान केंद्रावर जेवढा नोंदला जाईल तेवढाच खरा.

चष्मा पुसून मी पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागलो. दुसऱ्या परिच्छेदापाशी तो म्हणाला, "सगळं नगं गुरुजी, मिळंल का न्हाई एवढंच सांगा."

"बस जरा," मी म्हणालो, "चहा सांगतो. सगळं वाचू."