अकराव्या तासाचे मजूर

मराठी वाङ्मयाला दृष्टांत परका नाही. तेराव्या शतकात केसोबासांनी सिद्ध केलेल्या 'दृष्टांतपाठा'त चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टांत आहेत. त्यांची मांडणी त्रिपदी आहे : आधी सूत्र, मग दृष्टांत, शेवटी दार्ष्टांतिक. सूत्र आणि दृष्टांत स्वामींचे. त्या दोहोंचा मेळ घालून दाखविणारे दार्ष्टांतिक केसोबासांचे. कथा सांगणारा एक आणि तिचा अन्वय लावणारा दुसरा, अशी ही वाटणी आहे. येशूचे दृष्टांत या चौकटीशेजारी ठेवले म्हणजे एक फरक लगेच जाणवतो. पेरणाऱ्याच्या दृष्टांतासारखे मोजके अपवाद सोडले, तर शुभवर्तमानांत दार्ष्टांतिक दिलेलेच नाही. मग ते कोणी करावयाचे? विद्वान भाष्यकाराने, व्यासपीठावरच्या पाळकाने, की ज्यांच्यापुढे तो दृष्टांत रविवारी वाचला जातो त्या मंडळीने? मराठी ख्रिस्ती बोलीत स्थानिक चर्चला 'मंडळी' हाच शब्द रूढ आहे. तो इमारतीचा वाचक नाही, एकत्र बसलेल्या माणसांचा आहे, हे येथे ध्यानात ठेवावे.

प्रश्न अमूर्त राहू नये म्हणून एकच दृष्टांत घेऊ. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर शोधावयास निघतो. दिवसाची मजुरी एक दीनार ठरते. मग तो नऊ वाजता, बारा वाजता, तीन वाजता आणि अगदी अकराव्या तासाला, म्हणजे आपल्या सायंकाळी पाचच्या सुमारास, पुन्हा बाजारात जातो आणि उभ्या असलेल्यांना कामावर पाठवितो. दिवस मावळल्यावर शेवटी आलेल्यांना आधी बोलावून पूर्ण दीनार दिला जातो. पहिल्यांनाही तेवढाच मिळतो. पहिले कुरकुरतात. मी ठरल्याप्रमाणेच दिले, माझे औदार्य तुम्हांला का खुपते, असे धनी विचारतो, आणि कथा संपते.

या कथेचे अर्थ पुष्कळांनी लावले. प्राचीन भाष्यकारांनी दिवसाच्या पाच प्रहरांत जगाच्या इतिहासाचे कालखंड पाहिले, कोणी मनुष्याच्या आयुष्यातील अवस्था पाहिल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ॲडॉल्फ यूलिशर या जर्मन पंडिताने अशा रूपकीकरणाला विरोध केला आणि दृष्टांतात एकच मध्यवर्ती आशय शोधावा असे प्रतिपादिले. १९९४ मध्ये विल्यम हर्झोग यांनी तर धन्याला ईश्वर मानण्यासच नकार दिला. त्यांच्या मते तो त्या काळचा पिळवणूक करणारा जमीनदार होय. ही सारी मते विचारार्ह आहेत. परंतु त्यांत एक गोष्ट समान आहे : भाष्यकार स्वतः त्या बाजारात कोठेच उभा नाही.

मंडळीला ही सवलत नाही. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. पुढे त्या जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांतील बहुसंख्य माणसे महार आणि मांग समाजांतून आलेली होती. रोजंदारी त्यांना पुस्तकातून कळलेली नव्हती. अशाच एका खेड्यातील उपासनेला फार वर्षांपूर्वी मी बसलो होतो. वाचन याच दृष्टांताचे होते. ईश्वराची कृपा उशिरा येणाऱ्यालाही मिळते, असे सांगून पाळकांनी प्रवचन आटोपते घेतले. बाहेर लिंबाखाली चहा चालला असता एक वयस्क बाई म्हणाल्या, ''पाच वाजेस्तोवर नाक्यावर कोण उभं राहतं? म्हातारी, नाहीतर अधू. मुकादम तिला नेतच नाही. पण पोट तर तिलाबी दिसभराचंच असतं की.'' यावर १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेले एक गृहस्थ उसळून म्हणाले, ''आन् उन्हात मेलेल्यानं काय करायचं, बाई? आमचं काम फुटानं मोजत होते.''

माझ्या समजुतीप्रमाणे त्या दिवसाचे खरे प्रवचन हेच होते. बाईंच्या बोलण्याने एक रूढ गैरसमज नाहीसा झाला. अकराव्या तासाचे मजूर आपण सहजच आळशी ठरवितो. मूळ कथेत मात्र ते आपले कारण स्पष्ट सांगतात : त्यांना कोणी कामावर घेतलेलेच नव्हते. म्हणजे मजुरी श्रमाच्या मापाने द्यावी की भुकेच्या, हा या कथेतील नैतिक प्रश्न आहे. परंतु त्या गृहस्थांचा आक्षेपही हलका नाही. मोजून मिळणारी मजुरी हे कष्टकऱ्याचे एकमेव संरक्षण असते. 'माझा पैसा, माझी मर्जी' हे वाक्य ईश्वराच्या मुखी कृपेचे असेल. गावच्या जमीनदाराच्या मुखी ते जुलमाचे ठरते. कृपेचा दाखला देऊन न्याय बुडविता येत नाही. म्हणूनच धनी ठरलेली मजुरी पुरती चुकवितो, हा तपशील महत्त्वाचा आहे. या कथेतले औदार्य कोणाच्या हक्कातून कापून काढलेले नाही.

मग कुरकुर कशाची? मजुरी कमी पडल्याची नव्हे. नंतर आलेल्यांना आपल्या बरोबरीला आणून बसविल्याची. शेवटच्यांना आधी मजुरी देण्याचा क्रमही याचसाठी योजिलेला दिसतो. पहिले आपला दीनार घेऊन निघून गेले असते, तर त्यांना काही कळलेच नसते. 'बरोबरी' हा शब्द मराठी कानाला केवळ हिशेबाचा राहत नाही. खालच्याने वरच्याची बरोबरी करणे हा आपल्या समाजात शतकानुशतके अपराध मानला गेला. लक्ष्मीबाई टिळकांनी १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रां'त आपल्या मनावरचा सोवळ्याचा पगडा कसा सुटला, हे कमालीच्या मोकळेपणाने सांगितले आहे. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला, तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात स्थान ठेवले. या दोन कृतींकडे मी द्राक्षमळ्याच्या दृष्टांताची दार्ष्टांतिके म्हणून पाहतो. तेथे अर्थ सांगितला गेला नाही, बसण्याची जागा बदलली गेली.

तथापि मंडळीचा अर्थ म्हणून तो आपोआप प्रमाण ठरतो, असे मला म्हणावयाचे नाही. मंडळीही दृष्टांत माणसाळविते. जे एके काळी शेवटचे म्हणून आत आले, तेच पुढे जुनी घराणी होतात, पुढच्या बाकावर बसू लागतात, आणि नव्याने आलेल्याकडे पहाटेच्या मजुराच्या नजरेने पाहतात. पूर्वीच्या जातींमधील अंतरे चर्चच्या दारात गळून पडली नाहीत. लग्नाच्या बोलण्यात ती पुष्कळदा पुन्हा डोके वर काढतात. अशा वेळी भाष्यकाराची गरज लागते. मूळ कथेतला जो तपशील मंडळीला गैरसोयीचा झाला असेल, तो तिच्यापुढे पुन्हा ठेवणे हे विद्वत्तेचे काम आहे. त्या तपशिलाचे करावयाचे काय, हे मात्र विद्वत्तेला ठरविता येत नाही.

आपल्या भाषेने समजणे आणि उमजणे असा भेद केला आहे. दृष्टांत समजावयास एकांतातले वाचन पुरते. तो उमजण्यासाठी मात्र ज्याच्याशी आपली बरोबरी झालेली आपल्याला सोसत नाही असा कोणीतरी शेजारी बसलेला असावा लागतो. पहिले मजूर पुढे काय करतात, हे मत्तय सांगत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ते त्याच मळ्यावर कामाला गेले का, आणि काल पाच वाजता आलेल्याच्या शेजारची ओळ त्यांनी धरली का? केसोबासांच्या ग्रंथात दार्ष्टांतिकाची जागा भरलेली आहे. येथे ती मोकळी आहे. लिंबाखालच्या त्या दोघांचा वाद त्या दिवशी मिटला नाही. चहा मात्र दोघांनी एकाच किटलीतला घेतला.