भिंत झांकावी कीं सुधारावी?

घर जुनें झालें म्हणजे मालकापुढें उभे राहणारे प्रश्न सामान्यतः पैशाचे आणि कारागिरांचे समजले जातात. त्यांत नीतीचा कांहीं संबंध असेल असें कोणास वाटत नाहीं. परंतु ज्या प्रश्नांत आपल्यामागून येणाऱ्या माणसाचें बरेंवाईट गुंतलेलें असतें, तो केवळ हिशेबाचा राहत नाहीं. अमेरिकेच्या ईशान्येस न्यू इंग्लंड म्हणून जो प्रदेश आहे, तेथील लहान गांवांत हा प्रश्न जुन्या घरांच्या मालकांना नेहमींच पडतो. त्याच्याच आधारानें येथें विचार करावयाचा आहे.

तेथील बहुतेक जुनीं घरें लाकडाचीं. आंत खांबांचा व तुळयांचा सांगाडा आणि बाहेरून अरुंद फळ्यांच्या आडव्या रांगा. वरची फळी खालचीच्या कडेवर थोडी चढलेली, त्यामुळें पाऊस व वितळलेलें बर्फ ओघळून जातें. या बाह्य आवरणास तिकडे साइडिंग म्हणतात. फळ्यांना दिलेला रंग कांहीं वर्षांनीं उडतो. तो खरवडून पुन्हां द्यावा लागतो. हा खर्च लहान नव्हे. शिवाय घरगुती रंगांत शिसें घालण्यास तेथें १९७८ सालीं बंदी झाली. तत्पूर्वींच्या घरांवर शिशाचा रंग असण्याचा संभव मोठा आणि खरवडतांना उडणारी धूळ मुलांना विषासमान. अशा वेळीं विक्रेता येतो आणि सांगतो कीं, जुन्या फळ्या तशाच राहूं द्या, त्यांवर विनाइलच्या पट्ट्या ठोकूं. पुन्हां रंगाचें नांव काढावयास नको. पूर्वीं अॅस्बेस्टॉस-सिमेंटचीं पानें होतीं, मग अॅल्युमिनियम आलें, मग विनाइल. पदार्थ बदलले, मोह एकच राहिला.

यांत अयोग्य कांहीं आहे काय? पहिला आक्षेप घराच्या 'तेंच'पणाचा. थीसियसच्या जहाजाची कथा प्लुटार्कनें सांगितली आहे: कुजलेली फळी काढून नवी बसवीत गेल्यावर तें जहाज तेंच राहिलें कीं दुसरें झालें, यावर तत्त्वज्ञ वाद घालीत. परंतु आपल्या प्रश्नास ही कसोटी लागू पडत नाहीं. विनाइलखालीं जुनी प्रत्येक फळी जागच्या जागीं असते. उलट, जपानांत इसे येथील देवालय दर वीस वर्षांनीं नव्या लाकडाचें बांधतात, २०१३ सालींही तसें झालें, आणि त्यामुळें परंपरा तुटली असें तेथें कोणी मानीत नाहीं. तेव्हां जुनें द्रव्य राखणें हा धर्म नव्हे आणि तें बदलणें हा अधर्म नव्हे.

दुसरा आक्षेप असत्याचा. रस्किननें १८४९ सालच्या आपल्या वास्तुकलेवरील ग्रंथांत एका द्रव्याला दुसऱ्याचा वेष देणें ही लबाडी ठरविली. विनाइलवर लाकडाच्या शिरांचा ठसा उमटविलेला असतो, हें खरें; परंतु त्यानें फसतो कोण? शेजाऱ्यापाजाऱ्यांना तें विनाइल असल्याचें ठाऊक असतें. आणि रंग हेंही एक आवरणच नव्हे काय? केवळ वेषाला लबाडी म्हणावें, तर आपण सारेच अपराधी ठरूं.

माझ्या मतें दोष निराळ्याच ठिकाणीं आहे. लाकडाची भिंत बोलकी असते. रंगाला फोड आला, तर मागें ओल आहे. पायावरच्या तुळईजवळची फळी बोटानें दबली, तर कूज लागली आहे. रंगाची पाळी येते तेव्हां घरधन्याला शिडीवर चढून आपलें घर हातानें चांचपावें लागतें. त्या कटकटीचें दुसरें नांव देखरेख. वरून आवरण ठोकलें कीं पाणी खिडकीच्या कडेनें आंत शिरतेंच, पण तें दिसत नाहीं. भिंत निरोगी होत नाहीं, मुकी होते. जुन्या इमारतींचें जतन करणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी खात्यानेंही आपल्या पत्रिकेंत हाच धोका सांगितला आहे. मग वीस-तीस वर्षांनीं जो हें घर विकत घेईल, त्याच्या हातीं उजळ पट्ट्या आणि त्यामागें भुसा झालेली तुळई पडेल. आजच्या सुटकेची किंमत ज्याची संमति घेतलीच नाहीं अशा माणसानें भरावयाची, हा खरा अन्याय.

यावर कोणी म्हणेल, आणि त्याचें म्हणणें वजनदार आहे, कीं हा उपदेश सुखवस्तूंचा. गांवांत एकटी राहणारी वृद्ध विधवा दर कांहीं वर्षांनीं रंगाऱ्याचे पैसे कोठून आणील? गांवाची जुनी शोभा पाहून आनंद व्हावा वाटसरूला आणि खर्च मात्र तिनें करावा, हाही अन्यायच. मला हें सर्वस्वीं मान्य आहे. ज्यांना ती शोभा हवी, त्यांनीं खर्चाचा वांटा उचलावा. तो न उचलतां नियमांचा बडगा दाखविणें बरें नव्हे. पण म्हणूनच मी विनाइलला पाप म्हणत नाहीं. प्रथम भिंत उघडावी, ओल कोठून येते तें शोधावें, कुजलेली तुळई बदलावी, पाण्याला बाहेरची वाट ठेवावी. मग वर देवदाराची फळी बसवा कीं ऐपतीप्रमाणें विनाइल. न पाहतां झांकणें आणि पाहून, सुधारून झांकणें, यांत नीतीचें अंतर आहे. झांकण कशाचें आहे यांत तें नाहीं.

हा विवेक आपल्याला परका नाहीं. कोंकणांत मातीच्या भिंतींना झड लागूं नये म्हणून पावसाळ्यापूर्वीं नारळीच्या झावळ्यांचे झांप बांधण्याची रीत आहे. पाऊस सरला कीं झांप निघतात, भिंत उन्हांत येते, पडलेले पोपडे दिसतात, माती लिंपली जाते. तेंही आवरणच, परंतु तें वर्षांतून एकदां बाजूला होतें. उलट देशावरच्या जुन्या वाड्यांच्या मातीच्या व चुन्याच्या भिंतींवर आपण सिमेंटचा गिलावा चढवितों, तेव्हां त्या भिंतीची ओल आंतच कोंडतों. आणि वर्ष-दोन वर्षें ती गुळगुळीत दिसली कीं काम नेटकें झालें असें मानतों.

आपल्या भाषेंत या कामाला जीर्णोद्धार असा सुंदर शब्द आहे. त्यांत 'जीर्ण' आधीं येतें, 'उद्धार' मागाहून. जें जीर्ण झालें आहे त्याकडे डोळे उघडून पाहण्याची ज्याची तयारी नाहीं, त्याच्या हातून उद्धार व्हावयाचा नाहीं. मग तें घर असो, संस्था असो, कीं वाडवडिलांकडून आलेला एखादा आचार असो.